राजारामपुरीतले सहा महिने
(दहावी २०१६ च्या तुकडीच्या दशकपूर्ती स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीनं मला विषय दिला आहे 'माझी इंटर्नशिप'. मागच्या बाकांवर यंदाची दहावीची मुलं बसली आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून हा विषय, असं मला सांगण्यात आलं. मुलांना उपयोग झाला तर आनंदच आहे. पण मला हे सांगायचं आहे ते मुख्यतः पहिल्या रांगेत बसलेल्या मराठीच्या बाईंना. का, ते बोलण्याच्या ओघात येईल.

इंटर्नशिप हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा वडिलांनी विचारलं, "म्हणजे उमेदवारीच की!" माझे वडील सतराव्या वर्षी उद्यमनगरात लेथवर उमेदवार म्हणून लागले होते. पहिले काही महिने झाडलोट, मग लोखंडाचा कीस गोळा करणं, मग जॉब पुसून ठेवणं, आणि मग एक दिवस मेस्त्रींनी हात धरून टूल लावायला शिकवलं. ते शिरोलीच्या फौंड्रीत गेले ते बऱ्याच वर्षांनी. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "मेस्त्री कोण हाय तुझा?" हा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला. आता कुणी इंटर्नशिपबद्दल सल्ला मागितला की मी हाच प्रश्न विचारते. कंपनीचं नाव काय, इमारत केवढी, हे सगळं नंतर.

२०२२ च्या जानेवारीत आमचं इंजिनिअरिंगचं शेवटचं सत्र सुरू झालं. मधली दोन वर्षं कोरोनात गेलेली. प्रॅक्टिकल मोबाईलवर बघितलेली, परीक्षा घरात बसून दिलेली. शेवटच्या सत्रात सहा महिने कुठंतरी काम करून दाखवायचं होतं आणि आमच्या हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पुण्या-बेंगळुरूकडं अर्ज पाठवले. त्यात एक नवाच प्रकार कळला. काही ठिकाणी इंटर्नशिपसाठी आपणच पैसे भरायचे! भरले की सहा आठवडे व्हिडिओ बघायचे, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. आमच्यातल्या काहींनी ते घेतलं, मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण कॉलेजला कागद लागत होता. मला स्वतःला मात्र वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न पडला. उमेदवारी करायला मालकाला पैसे द्यायचे, हे त्यांना पटवणं मला जमलं नसतं.

मला जागा मिळाली ती राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. महिना पाच हजार रुपये. कंपनीचं नाव इथं घेत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. गावोगावच्या दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या यांना हिशेबाची सॉफ्टवेअर करून देणं हा त्यांचा धंदा. मालकांना सगळे सर म्हणायचे आणि जिच्या हाताखाली मला दिलं तिला ताई. ताई माझी मेस्त्री. फार बोलायची नाही. मी लिहिलेला कोड वाचायची आणि एकेका ओळीसमोर "का?" एवढंच लिहून परत पाठवायची. पहिल्या आठवड्यात माझ्या चाळीस ओळींवर सव्वीस वेळा "का?" होतं. मी मोजलं होतं.

आता दुधाबद्दल थोडं. इथल्या बहुतेकांच्या घरी म्हैस होती किंवा आहे, तरीही सांगते, कारण डेअरीच्या काउंटरच्या आतून ते वेगळं दिसतं. कोल्हापूरला म्हशीच्या दुधाचं किती कौतुक आहे हे गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांना विचारायला नको. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला आणि पुढं गावागावांत दूध संस्था झाल्या. सकाळ-संध्याकाळ माणूस किटली घेऊन येतो, दूध मोजतात, फॅट काढतात, एसएनएफ काढतात. म्हशीला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईला साडेतीन आणि साडेआठ, हे धरून दर ठरतो. त्याच्या वरखाली गेलं की पैसे वरखाली. दर दहा दिवसांनी बिल. बिलातून पशुखाद्य, उचल, पतसंस्थेचा हप्ता कापून जातो. आणि दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक. ज्या घरात पगार नाही त्या घराचा पगार म्हणजे हे दहा दिवसांचं बिल. पोरांची फी, गॅस, दवाखाना, सगळं त्या तारखेकडं बघून चालतं. म्हणून आमच्या ऑफिसात एक नियम होता. बिलाच्या आधी दोन दिवस चालू सॉफ्टवेअरला कुणीही हात लावायचा नाही. कितीही छोटी सुधारणा असो. कॉलेजच्या पुस्तकात असा नियम मी कधी वाचला नव्हता.

मला काम मिळालं ते प्रयाग चिखलीच्या बाजूच्या एका गावातल्या दूध संस्थेचं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली होती. ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्यावरून काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते पाणी घरात बघितलंय. २०१९ ला संस्थेनं संगणक वेळेत माळ्यावर चढवला होता. २०२१ ला माळ्यावरही पाणी आलं. संगणक गेला. रजिस्टरं भिजून लगदा झाली, त्यातली दोन तेवढी उन्हात वाळवून वाचवली.

पाणी उतरल्यावर दूध तर रोज येतच होतं, म्हशी थांबत नाहीत. मग सेक्रेटरी अण्णांनी नवी यादी सुरू केली. जो आधी काउंटरला आला तो एक नंबर, नंतर आला तो दोन. चारशेच्या आसपास घरं. जुने कोड नंबर गेले ते गेलेच. पुढचे काही महिने बिलं रोखीनं वाटली. रोख मोजून द्यायची तर अण्णांचे दोन दिवस त्यातच जायचे. मग अण्णांच्या पुतण्याकडं एका पेनड्राइव्हमध्ये जुनी यादी सापडली. त्यात सभासदांची नावं आणि बँकेचे खाते नंबर होते. माझं काम असं: जुन्या यादीतले खाते नंबर नव्या यादीतल्या नावांना जोडायचे, म्हणजे फेब्रुवारीपासून बिलं खात्यावर जातील. ऐकायला एका दिवसाचं काम. सर म्हणाले, "आठवडा घे."

फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं. वाचता येईना. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. हा प्रकार नव्या मुलांना माहीत नसेल. पूर्वी संगणकाला मराठी कळायचंच नाही. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. पडद्यावर 'क' दिसतो, आत मात्र कुठलंतरी इंग्रजी अक्षर असतं. तो फॉन्ट असेपर्यंत सगळं ठीक, नसला की कोडं. १९९१ साली इस्की हे आपलं भारतीय प्रमाण आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, 'क' म्हणजे जगभर कुठंही ०९१५. पण कचेऱ्यांतली, छापखान्यांतली जुनी सवय पुढं कितीतरी वर्षं टिकली.

चित्राचा नंबर बदलून अक्षराचा नंबर टाकणं सोपं आहे. अवघड आहे ते वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं त्या क्रमानं टाईप करतात. युनिकोडमध्ये जसं बोलतो त्या क्रमानं ठेवतात. 'शिर्के' हे आडनाव घ्या. दिसायला पहिली वेलांटी, मग श, मग क, त्यावर मात्रा आणि रफार. बोलताना श, मग इकार, मग र, मग के. म्हणजे वेलांटी एक घर मागं न्यायची आणि रफार एक घर पुढं आणायचा. प्रोग्रामनं हे चारशे नावांसाठी बिनचूक करायचं. दोन दिवस त्यात गेले, आणि त्यातली मजा आता सांगत बसले तर समिती घंटा वाजवेल.

यादी वाचता यायला लागली. दोन्ही याद्या एकमेकींना लावल्या. तीनशेचाळीसच्या आसपास नावं बरोबर जुळली, साठेक राहिली. आणि बाई, इथं तुमची आठवण आली.

राहिलेल्यांत पाच-सहा आडनावं अशी होती की दोन्हीकडं तंतोतंत सारखी दिसत होती. कुऱ्हाडे इकडंही कुऱ्हाडे, तिकडंही कुऱ्हाडे. मोठं करून बघितलं, प्रिंट काढून बघितलं. फरक शून्य. संगणक म्हणतोय, वेगळी आहेत. ताईला दाखवलं. ती म्हणाली, "डोळ्यांनी बघू नकोस, नंबर छाप." छापले. आपल्या मराठीत दोन र असतात, अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आणि अक्षराच्या आधी पापणीसारखा आडवा येणारा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' वेगळे आणि जेवण करणाऱ्या 'आचाऱ्यांना' वेगळे. बाईंनी आठवीत हे फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला उभं केलं होतं आणि ज्याला फरक सांगता येईल त्यानं बसायचं म्हणाल्या होत्या. पहिल्या फेरीत तिघंच बसली. आणि आम्ही मागं कुजबुजत होतो की याचा आयुष्यात काय उपयोग.

तर उपयोग असा. हा पापणीचा र संगणकात दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, नंबर ०९३०, त्याला हलन्त, आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दुसरा म्हणजे त्याच्या शेजारचा ०९३१ नंबरचा ऱ. हा ऱ युनिकोडमध्ये ठेवला तो दक्षिणेकडच्या भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून, आणि त्याचं अर्धं रूप आपल्या कामाला आलं. दोन्ही प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे. माझ्या प्रोग्रामनं जुनी यादी बदलताना एक प्रकार वापरला, अण्णांच्या नव्या कीबोर्डनं दुसरा. अक्षरं एकसारखी करण्याची युनिकोडची स्वतःची जी पद्धत आहे तीही हे दोन प्रकार एक करत नाही. ते ज्याला मराठी येतं त्यानंच सांगायचं असतं. मी नियम लिहिला, कुऱ्हाडे जुळले, गोऱ्हे जुळले. ताईनं त्या ओळीसमोर सवयीप्रमाणे "का?" लिहिलं. मी उत्तरात दर्या आणि दऱ्या लिहून पाठवलं. सहा महिन्यांत तिनं "छान" असं एकदाच लिहिलं, ते तिथं.

पण पन्नासावर नावं अजून उरली होती आणि बिलाची तारीख जवळ येत होती.

आता खरी पंचाईत सुरू झाली. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची एक रीत आहे, १९६५ मध्ये लेवेन्श्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञानं मांडलेली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात तेवढं अंतर. जुन्या यादीत 'चौगले', नव्या यादीत 'चौगुले'. अंतर एक. माणूस तोच, लिहिणारा वेगळा. आणि त्याच यादीत 'पाटील मारुती रामू' आणि 'पाटील मारुती रामा'. अंतर एक. माणसं दोन, चुलतभाऊ, आणि त्यांचं बांधावरून कोर्टात चाललेलं. आकड्याला यातलं काही दिसत नाही. पवारचं पोवार होतं, तेही अंतर एक, आणि आपल्याकडं ते कुणाला वेगळं वाटतसुद्धा नाही.

संस्थेकडून फोन येत होता, काहीही करा पण पहिलं बिल खात्यावर गेलंच पाहिजे. एक अंतरापर्यंतची नावं आपोआप जोडून टाकली असती तर यादी जवळजवळ पूर्ण झाली असती आणि एका मारुतीचे पैसे दुसऱ्या मारुतीला गेले असते. तेही कळलं असतं ते दहा दिवसांनी, चावडीवर. ताईनं ठरवलं की प्रोग्राम फक्त सुचवेल, जोडणार नाही. शेजारी 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं, आणि ती दाबायची अण्णांनी, समोर माणूस उभा असताना. सरांना वेळेची काळजी होती, पण ते तयार झाले. मला म्हणाले, "मग तू जा तिथं. बटणं तुझी आहेत."

चार दिवस मी पहाटे साडेपाचला त्या डेअरीत उभी होते. वडिलांनी गाडीवर सोडलं, परत जाताना त्यांची पहिली पाळी गाठायची म्हणून. फेब्रुवारीची थंडी, नदीकडून धुकं. ओळीत किटल्या. अण्णा प्रत्येकाला विचारत होते, "खातं कंचं? पासबुक आणलंय?" मला तिथं पहिल्यांदा दिसलं की यादीत पुरुषांची नावं आहेत आणि ओळीत बायका उभ्या आहेत. धार काढणारी ती, वैरण आणणारी ती, किटली उचलून आणणारी ती. रजिस्टरला नवऱ्याचं नाव, काही ठिकाणी सासऱ्याचं, तेही वारलेल्या. पुरानंतर अण्णांनी नवी यादी केली तेव्हा घाईत समोर जी उभी होती तिचंच नाव लिहून घेतलं होतं. म्हणून ती नावं जुळत नव्हती! कितीही हुशार प्रोग्राम लिहिला असता तरी जुळली नसती. उरलेल्या पन्नासांत निम्म्याहून जास्त अशीच निघाली.

त्यांत एक आक्का होत्या. नाव सांगत नाही. नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला, त्यानंतर दोन महिन्यांत पूर. दोन म्हशींतली एक उरलेली. जुन्या यादीत नवऱ्याचं नाव आणि त्याचं खातं, ते खातं वारसाच्या कागदांपायी अडकलेलं. रोखीनं बिल होतं तोवर अण्णा त्यांच्या हातात पैसे देत होते. खात्यावर बिल सुरू झालं की हे बंद. पिशवीच्या आत पिशवी, तिच्या आत पासबुक, जनधनचं, त्यांच्या स्वतःच्या नावाचं. मला म्हणाल्या, "पोरी, ह्या मशीनीत माझं नाव घालायला कुणाला इचारायला लागतंय?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "सभासद तो होता. शेअर त्याच्या नावावर. ठराव झाल्याबिगर मला नाव बदलता येत न्हाई." ते बरोबर होतं. सहकारी संस्थेत सभासदाचं नाव सेक्रेटरीच्या मनावर बदलत नाही, बदलूही नये.

त्या दिवशी ऑफिसात येऊन मी ताईसमोर बसले. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये 'नाव' असा एकच रकाना होता. कुणीतरी कधीतरी धरून चाललं होतं की सभासद, दूध घालणारा आणि पैसे घेणारा हा एकच माणूस असतो. मी म्हटलं, हे तीन रकाने करूया. सभासद कोण, दूध कोण घालतं, पैसे कुणाच्या खात्यावर. सभासद तोच राहील, ठराव व्हायचा तेव्हा होईल, पण दूध आजपासून जी घालते तिच्या नावानं नोंदलं जाईल. ताईनं नेहमीप्रमाणे "का?" विचारलं. मग आम्ही दोघी सरांकडं गेलो. तिथं तासभर चर्चा झाली, कारण एक रकाना बदलला की पावती बदलते, बिल बदलतं, दिवाळीचा फरक काढायची रीत बदलते, आणि हे सॉफ्टवेअर त्या एका गावात नव्हतं. शेवटी सरांनी होकार दिला. इंटर्नचं म्हणणं म्हणून कुणी बाजूला सारलं नाही, हे मला आजही विशेष वाटतं.

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर ही गोष्ट उगाच गोड होईल. अण्णा काउंटरवर "पैसे कुणाच्या खात्यावर?" असं विचारायला लागले आणि पंधरा-वीस बायकांनी सांगितलं, "माझ्या." दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ थेट राजारामपुरीत आमच्या ऑफिसात आले, जिना चढतानाच आवाज येत होता. माझी म्हैस, माझी डेअरी, तुम्ही कोण विचारणारे? संस्थेतूनही फोन आला की तो तिसरा रकाना लपवून टाका. सरांनी रकाना काढला नाही, पण नियम असा ठरला की सभासदानं सही करून दिल्याशिवाय खातं बदलणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पंधरा-वीसांपैकी सहा घरांतून सह्या आल्या. बाकीच्यांच्या तिसऱ्या रकान्यात नवऱ्याचंच खातं राहिलं. मला त्या आठवड्यात फार राग आला होता. ताई म्हणाली, "दुसऱ्या रकान्यात त्यांचं नाव आलं ना? पावतीवर छापून येईल." पावतीवर खरंच यायला लागलं. सकाळी हातात जो चिठोरा मिळतो त्यावर दूध किती, फॅट किती लागली आणि वर तिचं नाव.

आक्कांचं काम मात्र झालं. संस्थेच्या कमिटीनं वारस नोंदीचा ठराव केला, शेअर त्यांच्या नावावर झाला आणि तिन्ही रकान्यांत एकच नाव आलं. फेब्रुवारीचं शेवटचं बिल त्यांच्या खात्यावर गेलं. बँकेचा मेसेज आला तो त्यांनी अण्णांकडून वाचून घेतला, आणि मग मला दाखवायला थांबल्या होत्या असं अण्णांनी फोनवर सांगितलं. मी त्या दिवशी तिथं नव्हते.

त्या पावतीवरून एक वेगळीच भानगड झाली. बिलाच्या छोट्या प्रिंटरला फक्त इंग्रजी अक्षरं येतात, मराठी पाठवायची तर चित्र करून पाठवावी लागते. चित्र छापायला वेळ लागतो. आधी पावतीवर नुसता कोड नंबर होता, आता नाव आलं, आणि प्रत्येक पावतीमागं दोन-तीन सेकंद वाढले. पहाटेच्या ओळीत शंभर माणसं असतील तर हिशेब करा. लोक ओरडायला लागले. मग मार्च-एप्रिल असे दोन महिने मी नावांची चित्रं आधीच बनवून साठवून ठेवायचं काम करत होते. त्यात नाट्य काही नाही, पण सहा महिन्यांतला सगळ्यात जास्त वेळ त्यात गेला, आणि कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला अर्धा तास त्याच्यावरच धरलं. दूध, आक्का, चौगले-चौगुले, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

जूनमध्ये इंटर्नशिप संपली. नंतर पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी पहिलं वाक्य ऐकूनच हसून विचारलं, "कोल्हापूरच्या का?" मी म्हटलं होतं, "मी आलो सकाळच्या एसटीनं." आपल्याकडच्या मुली 'आलो-गेलो' म्हणतात हे त्यांना माहीत होतं. नोकरी मिळाली, तीन वर्षं पुण्यात केली. पगार चांगला होता, काम चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण मी लिहिलेलं कोण वापरतं हे तिथं मला कधी दिसलं नाही. गेल्या वर्षी परत आले. त्याच दुसऱ्या मजल्यावर, त्याच खुर्चीवर, आता माझ्या हाताखाली दोन इंटर्न आहेत. त्यांच्या कोडवर मी काय लिहिते ते तुम्ही ओळखलं असेल.

वडिलांना वाटतं मी पुणं सोडायला नको होतं. आई त्यावर काही बोलत नाही, डबा मात्र दोन चपात्या जास्त घालून देते. घरात या विषयावर अजून एकमत नाही, आणि माझ्या पगारात पुण्याच्या तुलनेत जी घट झाली ती बघता वडिलांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

त्या गावाच्या यादीत अजून चार नावं 'न जुळलेली' या खान्यात आहेत. कुणाची, कुठं गेली, अण्णांनाही सांगता येत नाही. पुराच्या आधी दूध घालत होती, नंतर आलीच नाहीत. मध्यंतरी एका इंटर्ननं विचारलं, ही पुसून टाकू का? मी विचारलं, "का?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून ती अजून तिथंच आहेत.

मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी एवढंच, आमच्याकडं दर जानेवारीत दोघांना घेतात. पैसे भरावे लागत नाहीत, थोडे मिळतात. पत्ता समितीकडं दिला आहे. मराठी नीट वाचता-लिहिता येणं ही अट आहे, आणि ती मी घातली आहे, बाई. पहाटे उठायची तयारी हवी. डबा घरून आणा, कारण गल्लीच्या कोपऱ्यावर मिसळ फार चांगली मिळते आणि पाच हजारांत ती रोज परवडत नाही.